टेम्पोतली शेगडी

रिसोड, जि. वाशिम
ज्येष्ठ शुद्ध पंचमी

चि. बाळास,

दिंडीच्या टेम्पोत ओटा करून शेगडी बसवलीस, वाचून फार बरं वाटलं. कारंज्यापासून पंढरपूरपर्यंत पोरांना वेळेवर चहा-पिठलं मिळेल. पण शेवटी लिहिलंस की वाऱ्यात ज्योत टिकत नाही, म्हणून चावी फिरवून दाब वाढवता येतो ते पितळी रेगुलेटर आणणार. ते या शेगडीला लावू नकोस. एवढं सांगायलाच पत्र लिहायला बसले.

माझ्या उजव्या हातावरच्या डागावर लहानपणी तू बोट फिरवायचास, अन् मी कढईचं तेल उडालं म्हणून सांगायची. तेल नव्हतं. शिरपूरच्या मुक्कामी आम्ही घरच्याच दोन चुलींच्या शेगडीला तसलंच भट्टीचं रेगुलेटर जोडलं होतं. दुकानदार म्हणाला, चालतं. आधण ठेवलं तशी ज्योत बर्नर सोडून वर उठली, पिवळी पडली, अन् चावीच्या बुडातूनही जाळ आला. तुझ्या फुवांनी टाकी बंद केली म्हणून हातावरच निभावलं.

टाकीत उन्हाळ्यात चौरस सेंटिमीटरला पाच किलोच्या पुढे दाब असतो. घरगुती रेगुलेटर तो 30 ग्रॅमवर आणतं, म्हणजे फूटभर पाण्याच्या तळाशी असतो तेवढा. शेगडीच्या जेटचं भोक, चावी, नळी, सगळं त्या 30 ग्रॅमच्या हिशेबानं केलेलं असतं. भट्टीचं जेट वेगळं, नळी वेगळी. मोठ्या पातेल्यासाठी भट्टी हवीच असेल तर तिचा सगळा संच वेगळा घे, टाकीसकट. एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही. अमेरिकेतल्या फिरत्या घरांचा व्हिडिओ तू पाठवलास ना, त्यांच्या शेगडीलाही 11 इंच पाण्याइतकाच दाब लागतो. पण त्यांचं रेगुलेटर आपल्या टाकीला बसत नाही, तेव्हा तिकडून मागवायच्या फंदात पडू नकोस.

वाऱ्याला उपाय पत्र्याचा आडोसा. तीन बाजूंनी घे, पण टाकी त्याच्या आत कोंडू नकोस. गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली साचतो, म्हणून टेम्पोच्या तळाला वारा खेळता राहू दे.

ज्योत मंदावली की सगळे रेगुलेटरला दोष देतात. आधी टाकीला हात लाव. आत द्रवाचा वायू होताना तो टाकीचीच ऊब खेचतो. छोट्या 5 किलोच्या टाकीवर सलग तासभर मोठा जाळ ठेवला, त्यात आषाढाचा पाऊस, की ती गारठते, अंगावर दव धरते, अन् गॅस पुरेनासा होतो. थोडं थांबायचं, नाहीतर मोठी टाकी घ्यायची. टाकी शेकायची नाही.

रेगुलेटर घेताना आयएसआयचा शिक्का बघ. टाक्यांच्या तोंडांची मापं वेगळी असतात, म्हणून दुकानात टाकी नेऊनच बसवून घे. रेगुलेटरच्या झाकणाला एक बारीक छिद्र असतं. आतला रबरी पडदा त्यातून श्वास घेतो. टेम्पोतल्या धुळीनं ते बुजलं की दाब बिघडतो. त्यावर चिखल उडणार नाही अशा जागी ठेव अन् रोज पुसत जा. नळी नारिंगी सुरक्षा नळीच घे, दीड मीटरच्या आतली.

अन् चालत्या गाडीत शेगडी पेटवायची नाही, कुणी कितीही चहा मागितला तरी. निघण्याआधी रेगुलेटर काढून टाकीला टोपण लाव, टाकी उभीच बांध. 26 ऑगस्ट 2023 ला मदुराईत लखनौहून आलेल्या यात्रेकरूंच्या रेल्वे डब्यात बेकायदा नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली, 9 माणसं गेली. देवालाच निघालेली माणसं रे ती. ती बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. गळतीचा 1906 नंबर टेम्पोच्या दारावर रंगवून घे.

शेगावची पालखी मेडशी, शिरपूर करत इकडे येते, त्या दिवसांत माझं घर वारकऱ्यांनी भरलेलं असतं. तू त्याआधीच वाट वाकडी करून एक मुक्काम इथे कर. गळती तपासायला साबणाचं पाणी मी करून ठेवते. जोड माझ्यासमोर लाव, फेस बघू, मग पहिला चहा त्याच शेगडीवर ठेव.

तुझी
आत्या