हिप्परग्याची वाकडी वाट

सोलापूर-हैदराबाद हायवे सोडून लोहाऱ्याकडे वळलं की काळी रानं सुरू होतात. सोयाबीनची काढणी चालू होती. मळणीयंत्र रस्त्याला लागूनच धडधडत होतं आणि भुसकट थेट गाडीच्या काचेवर. लोहारा म्हणजे उमरग्यातून वेगळा काढलेला छोटा तालुका. याच तालुक्यातलं सास्तूर 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपामुळे लोकांना ठाऊक असतं. चहावाल्याला हिप्परग्याची वाट विचारली, तर म्हणाला, "स्वामीच्या शाळंला व्हय? जावा की सरळ."

निजामी राजवटीत शिक्षण उर्दूतून आणि खासगी शाळांवर सरकारची करडी नजर. तशा दिवसांत, 1921 साली, हिप्परगा रवा या खेड्यात राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे व्यंकटेश खेडगीकर नावाचा तरुण तिथं मास्तर म्हणून आला. त्याआधी तो कामगार पुढारी ना. म. जोशी यांचा सचिव होता. हिप्परग्यातच त्यानं संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाला.

भगवी वस्त्रं पाहून माणूस फसतो. फोटोला हार घालताना त्यांना साधू-महाराजांच्या रांगेत बसवलं जातं. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्यायच. कामगार चळवळीतून आलेला हा संन्यासी हैदराबाद स्टेट काँग्रेसमधल्या जहाल गटाचा नेता होता. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे मार्क्सवादी वळणाचे कार्यकर्ते त्यांच्याभोवती होते. 1938 मध्ये स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच निजामानं तिच्यावर बंदी घातली. स्वामीजी सत्याग्रह करून तुरुंगात गेले. त्याच सुमारास आ. कृ. वाघमारे यांनी 'मराठवाडा' साप्ताहिक काढलं, तेही पुण्यातून, कारण हैदराबाद संस्थानात तोंड उघडायची सोय नव्हती. अंकावर बंदी आली की ते नाव बदलून पुन्हा छापायचे. पुढे हेच पत्र अनंत भालेराव यांनी औरंगाबादेत दैनिक म्हणून गाजवलं.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान मुक्त झालं. त्यानंतरही स्वामीजींनी हैदराबादचं भाषावार विभाजन मागितलं. 1952 ला गुलबर्ग्यातून आणि 1957 ला औरंगाबादेतून ते लोकसभेवर गेले. मंत्रिपद मात्र कधी घेतलं नाही.

तुळजापूर-नळदुर्ग करून परत फिरणाऱ्यांनी अर्धा दिवस इकडं काढावा. आणि पोरांना सोबत आणावं.