सावित्रीच्या खाडीत

गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयतांनी बाणकोटजवळच्या वेसवीहून बागमांडल्यापर्यंत जंगलजेटीने सावित्रीची खाडी ओलांडली. समुद्राकडून सोसाट्याचा वारा येत होता. कठडा धरूनच उभे राहावे लागले. शेजारी कोण उभे आहे, त्याची जात कोणी विचारली नाही.

याच खाडीतून बाबासाहेब महाडला गेले. २४ डिसेंबर १९२७ रोजी दोनशेहून अधिक प्रतिनिधींसह ते मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदरात उतरले. धरमतरमार्गे गेल्यास मोटारींची अडवणूक होण्याचा संभव होता, म्हणून जलमार्ग पत्करला. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

विद्यार्थ्यांना दहनाची तारीख पाठ असते. तेथवर पोहोचण्याची वाटही त्यांना ठाऊक असावी. त्यावाचून त्या तारखेचे मोल कळत नाही.