विकणारी मी, घासणारीही मीच

परवा संध्याकाळी साडेसहाला अलिबागच्या मासळी बाजारातून बोंबलांचे दोन वाटे दीडशेला आणले. सांगितले होते अडीचशे. घरी आले तेव्हा चेहरा इतका फुललेला होता की नवऱ्याने विचारलं, "कोण भेटलं?" म्हटलं, शंभर रुपये भेटले.

मला घासाघीस आवडते. तिच्यावाचून खरेदी अळणी लागते. मॉलमध्ये '५० टक्के सूट' अशी पाटी दिसली तरी मला काही होत नाही, कारण ती सूट मी मिळवलेली नसते. आणि याच बाईने आयुष्यातली सव्वादोन वर्षं विक्रीच्या नोकरीत काढली, रोज घड्याळाकडे बघत. आज त्याबद्दल लिहायचंय. चौलच्या आत्याची नात हे वाचते आणि आत्याला वाचून दाखवते, हे धरूनच लिहितेय.

घासाघीस मला शिकवली ती आत्यानेच. चौल-भोवाळ्याची दत्ताची यात्रा तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल. दत्तजयंतीला सुरू होते, पाच दिवस चालते. डोंगरावर देऊळ, खाली दुकानंच दुकानं. आत्या आधी पायऱ्या चढून दर्शन घ्यायची आणि उतरली की पदर खोचायची. तवे, पोळपाट, चादरी, वर्षाची सगळी खरेदी तिथे. तिचे नियम पक्के होते. जे घ्यायचंय त्याचा भाव आधी विचारायचा नाही, शेजारच्या वस्तूचा विचारायचा. वस्तू हातात धरून भाव करायचा नाही, हात मोकळा पाहिजे. निघायचं तर खरंच निघायचं, मागे वळून बघायचं नाही. मी आठ वर्षांची असताना एका चादरीपायी आम्ही तीन दुकानं पुढे गेलो होतो, मी रडवेली, आणि मागून हाक आली. तो आवाज अजून कानात आहे.

पण तिचे उलटे नियमही होते, आणि ते मला उशिरा कळले. भवानीच्या गिऱ्हाइकाने जास्त ताणायचं नाही, विकणाऱ्याचा दिवस खराब होतो. करवंदं घेऊन आलेल्या कातकरणीशी भाव करायचा नाही. ती मागेल ते द्यायचं, कारण ती मुळातच कमी मागते. आणि घरच्या माणसाशी घासाघीस करायची नाही. हा शेवटचा नियम पुढे येणार आहे.

कोळणीशी मात्र मोकळं रान. ती काही बिचारी वगैरे नसते. पहाटे बंदरावर लिलावात तिनेही बोली लावलेली असते. त्यावर बर्फ, टेम्पो, बाजारातली जागा. दिवस कलला की बर्फ वितळतो तसा भावही, आणि ते आम्हा दोघींना माहीत असतं. मी कल्ला उघडून लाल आहे का बघते, ती माझी पिशवी आधीच भरली आहे का बघते. एकदा पापलेटावरून फारच ताणलं तेव्हा माझ्या नेहमीच्या मावशीने विचारलं, "हॉटेलात जातेस तवा मेनूकार्डावर घासतेस काय गो?" मी गप्प. तिने तेवढ्यात पापलेट पिशवीत टाकलं आणि वर चार मांदेली. त्या दिवशी ती जिंकली. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा दोन महिने आम्ही एकमेकींना दिसत नाही. मे महिन्यात आगोटची सुकी मासळी भरताना शेवटचं भांडून घेतो.

(मुंबईत मात्र माझी डाळ शिजत नाही. मांडव्याहून कॅटामरानने गेटवेला उतरायचं, फॅशन स्ट्रीटला जायचं, आणि अर्धा भाव मागितला की दुकानदार कधीतरी तो आपला सुप्रसिद्ध प्रश्न टाकतो, "अलिबागसे आया है क्या?" या वाक्यावर बंदी घाला म्हणून उच्च न्यायालयात याचिकाही झाली होती. २०१९ मध्ये कोर्टाने ती फेटाळली. मी आपली "हो" म्हणते. खरंच आलेली असते ना!)

एकच ठरलेला भाव ही तशी नवीच गोष्ट. पॅरिसला बुसिको नावाच्या गृहस्थांनी १८५२ नंतर 'बाँ मार्शे' हे दुकान वाढवलं, ते किमतीच्या चिठ्ठ्या लावून. आपल्याकडे पाकिटावर एमआरपी छापायची सक्ती १९९० ची. त्याआधी माणसं बोलत होती. असो, विषयांतर झालं.

तर नोकरी. २००७ साल. २००० मध्ये विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झालं होतं आणि एव्हाना ती लाट अलिबागपर्यंत पोचली होती. कंपनीचं नाव काही सांगत नाही. पनवेलच्या एका हॉटेलात तीन दिवस ट्रेनिंग झालं. पहिल्याच दिवशी सरांनी कोरे कागद वाटले आणि सांगितलं, ओळखीच्या शंभर माणसांची नावं लिहा. मी मन लावून लिहिली. आजी, मामा, शाळेतल्या बाई, वाणी. लिहून झाल्यावर कळलं की हे आपलं गिऱ्हाईक. शंभरातली पहिली चाळीस माझी नातेवाईक होती.

गंमत म्हणजे तिथे शिकवलेलं सगळं मला आधीपासून येत होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. समोरचा "नको" म्हणाला की त्यातलं किती खरं ते ओळखायचं. घाई आहे असं भासवायचं. मग अंगावर काटा का यायचा? बाजारात मी भाव पाडते तेव्हा कोळीण मला मुकाट्याने नुकसान सोसून देत नाही. परवडलं नाही तर सरळ म्हणते, "नाय परवडत, जा बाय." इथे समोरच्याला काय परवडतं आणि काय नाही ते त्यालाच माहीत नसायचं. खरं सांगायचं तर मलाही अर्धवटच माहीत होतं. मी युलिप विकत होते, म्हणजे विमा आणि शेअर बाजार एकाच पिशवीत. त्या काळातल्या काही योजनांत पहिल्या वर्षीच्या हप्त्यातला मोठा हिस्सा खर्चापोटीच कापला जाई. ते माहितीपत्रकात असायचं, बारीक अक्षरात. आम्ही बोट ठेवायचो ते ठळक अक्षरांवर.

जानेवारी २००८. महिन्याचं टार्गेट अपुरं, सर रोज फोन करत होते. मी एसटीने चौलला गेले. आत्याच्या वाडीतल्या सुपारीचे पैसे नुकतेच आले होते. तिने आंबोळ्या केल्या. मी फॉर्म काढला, सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या. जिने चादरीच्या दहा रुपयांसाठी मला तीन दुकानं चालवलं, ती बाई वीस हजार रुपयांबद्दल एक प्रश्न विचारेना. शेवटी मीच म्हटलं, "आत्या, वाचून तरी घे." ती म्हणाली, "तू वाचलंयस ना? मग झालं." आणि फुली बघून सही करत गेली. पाच सह्या.

मी वाचलं नव्हतं. म्हणजे बारीक अक्षर नव्हतं वाचलं.

त्याच महिन्यात सेन्सेक्सने एकवीस हजारांचा टप्पा ओलांडला होता. ऑक्टोबरात तो नऊ हजारांच्या खाली आला. पुढच्या वर्षी सुपारीला भाव नव्हता, काकांचं आजारपण निघालं, आणि आत्याचा दुसरा हप्ता काही भरला गेला नाही. पॉलिसी बंद पडली. तीन वर्षांचा बंदीकाळ संपल्यावर, २०११ मध्ये, तिच्या हातात सहा हजार चारशेचा चेक आला. २०१० च्या सप्टेंबरपासून नियम बदलले होते, खर्चावर मर्यादा आली, बंदीकाळ पाच वर्षांचा झाला. पण आमचा व्यवहार आधीचा.

मी नोकरी त्याआधीच सोडली होती. आत्याने मला एक शब्द विचारला नाही. तिने बोलून घेतलं असतं तर बरं झालं असतं. एक गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती. तिच्या पॉलिसीवर मला जो इन्सेंटिव्ह मिळाला, त्यातून मी मंगलदास मार्केटमधून तिच्यासाठीच साडी आणली होती. साडेनऊशेची साडी सहाशेला. तिने साडी बघायच्या आधी विचारलं, "कितीला पडली?" आणि ऐकून मांडीवर थाप मारली.

चेक आल्याचं कळलं तेव्हा शाळेतली नोकरी लागून मला वर्ष झालं होतं. तेरा हजार सहाशे रुपये पाकिटात घातले आणि चौलला गेले. मार्च होता. कार्लेखिंडीत रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा लागल्या होत्या. दोन माळा घेतल्या, सांगितला तो भाव देऊन. घासायचं सुचलंच नाही, यावरून माझी अवस्था समजा.

आत्याने पाकीट उघडून मोजलं. मग परत मोजलं.

"हे जास्त आहेत."

"नाहीत. हिशेब केलाय."

"बाजार पडला तो काय तू पाडलास? पाच दे."

"तेरा सहाशे."

"सहा. त्याच्यावर एक रुपया नाही घेणार."

मी पिशवी उचलून निघाले. खरंच निघाले. अंगण ओलांडलं, विहिरीपर्यंत गेले, मागे वळून बघितलं नाही. फाटकाशी पोचले तेव्हा मागून हाक आली.

"दहा! आणि कांदे ठेवून जा."

मी परत आले. तिने दहा हजार मोजून कमरेच्या पिशवीत घातले, उरलेले माझ्या हातात कोंबले. मग कांद्याची माळ उचलून वजनाचा अंदाज घेत विचारलं, "कितीला दिल्या?" मी सांगितलं.

"फसवलं तुला," आत्या म्हणाली.