सकाळची शाळा
उन्हाळा तापूं लागला कीं जळगांवांत शाळा सकाळची होते. इतर मुलांस त्यांत आनंद. आम्हांस मात्र तें संकट वाटतें. आम्ही स्वमग्न आहों. नित्यक्रम मोडला कीं जीव कासावीस होतो, तोंडून शब्द फुटत नाहीं. लोक त्यास हट्ट समजतात. १९४३ सालीं डॉ. लिओ कॅनर ह्यांनीं ११ मुलांचें वर्णन करितांना नित्यक्रमाची हीच ओढ नोंदविली आहे. आमच्या मातोश्री ८ दिवस आधीं नवें वेळापत्रक भिंतीवर लावितात. धुळ्यास आजोळीं जावयाचें असल्यास निघण्याची वेळ व परतण्याचा दिवसही त्यांत असतो. बदल टळत नाहीं. पण आधीं कळला म्हणजे सोसवतो. बालमित्रहो, वर्गांत असा सोबती असल्यास उद्यांचा बदल त्यास आजच सांगा.