ठेंगणा डोंगर

आंबागडचा डोंगर आमच्या धुऱ्यावरून दिसतो. तुमसरपासून जवळच. गेल्या हिवाळ्यात पुण्याचा नातू आला तेव्हा त्याला घेऊन चढलो. पोरगा कळसूबाई चढून आलेला. वर पोचल्यावर म्हणतो, “आबाजी, हा तर टेकडा आहे. एवढ्यातच संपला?”

माझे गुडघे संपले होते, पण ते बोललो नाही. पडक्या भिंतीच्या सावलीत बसलो. खाली सागाचं रान, पलीकडे धानाच्या बांध्या.

म्हटलं, “बाबू, हा किल्ला राजाखान पठाणानं 1700 च्या सुमारास बांधला. पण डोंगराचं वय इचार. तुझी कळसूबाई लाव्ह्याची, साडेसहा कोटी वर्षांमागची. हिमालय तर त्याहून लहान. आपल्या पट्ट्यातला खडक शंभर कोटी वर्षांहून जुना हाये. इथं समुद्र होता. तळाशी वाळू, गाळ, चुना बसला, मँगनीज बसलं. मग धरतीनं ते सारं दाबलं, भाजलं. वाळूचा टणक दगड झाला, गाळाचा अभ्रकासारखा चमकणारा, चुन्याचा संगमरवर. ऊनपावसानं झिजत झिजत एवढाच उरला. म्हातारा मानूस वाकतोच ना!”

पोरगा गप्प झाला. मी उत्तरेकडे हात केला. तिकडे चिखला, डोंगरी बुजरुकच्या मँगनीज खदानी. त्या मँगनीजनं पोलाद कणखर होतं, टॉर्चच्या सेलमधला काळा भुगाही त्याचाच. त्यातल्या एका खडकाला फर्मर नावाच्या इंग्रज भूवैज्ञानिकानं गोंडांवरून ‘गोंडाइट’ नाव दिलं. जगातल्या पुस्तकांत ते आजही तसंच आहे.

हे सांगताना माझा बाप आठवला. तो खदानीत दगड फोडायचा. काळा गोटा, साध्या दगडाच्या दीडपट जड. राखेनं घासले तरी त्याचे हात काळेच राहत. एकदा तो शाळेत मला न्यायला आला. पोरांनी विचारलं, हा कोन? मी म्हटलं, आमच्या शेजारचा. बापानं ऐकलं. रस्ताभर बोलला नाही, फक्त माझं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

“तुझा पणजोबा तिथं दगड फोडे,” मी नातवाला म्हटलं. पन्नास वर्षांत हे कोणाजवळ पहिल्यांदाच बोललो.

उतरताना पोरानं माझी पिशवी मागून घेतली. मी दिली.