आजीची मूठ, ४५ ग्रॅम

परदेशी शिकायला निघालेल्या मुलाची बॅग कधी उघडून पाहिलीय? वजनाची मर्यादा ओलांडली की पुस्तकं बाहेर निघतात, जाड जॅकेट अंगावर चढतं. पण शेंगदाण्याची चटणी आणि मसाल्याची पाकिटं मात्र जागची हलत नाहीत.

यात नवीन काही नाही म्हणा. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या त्या साडी आणि शाकाहार दोन्ही सांभाळून. लंडनला शिकताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर रात्रीची भूक पापडांवर भागवायचे, असं त्यांच्या चरित्रात वाचायला मिळतं.

माझा धाकटा भाऊ २०२१ मध्ये मास्टर्स करायला जर्मनीत ड्रेस्डेनला गेला. आम्ही अंबाजोगाईचे. योगेश्वरीचं देऊळ, आद्यकवी मुकुंदराजांची समाधी, ही गावाची ओळख आम्हाला तोंडपाठ. पण पुण्यात आल्यावर मी ‘मराठवाड्याची’ झाले आणि तिकडे तो नुसताच ‘इंडियन’. इंडियन म्हणजे बटर चिकन आणि नान! आमच्या घरात हे कधी शिजलंच नाही. त्याला आठवायची ती ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी.

येसर म्हणजे काय? धान्य, डाळी आणि खडा मसाला भाजून दळायचा आणि ते पीठ आमटीत सोडायचं. आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत पक्वान्नापेक्षा या आमटीलाच जास्त मागणी.

आधी भाकरीने त्याला रडवलं. दुकानातलं पीठ जुनं, विरी गेलेलं. ज्वारीत ग्लूटेन नसतं, त्यामुळे थापता थापताच तुकडे. आई फोनवरून म्हणाली, “अरे, आधणाचं पाणी घाल की!” इलेक्ट्रिक शेगडीला जाळ नाही, मग तव्यावरच फडक्याने दाबून भाकरी फुगवायची. महिनाभराने जमली.

त्याच्या फ्लॅटमध्ये हनोईची एक मुलगी राहायची. रविवारी ती ‘फो’ करायची, म्हणजे त्यांचं नूडल्सचं सूप. त्यासाठी चक्रफूल, दालचिनी, धने कोरडे भाजायचे, कांदा आणि आलं काळं होईपर्यंत परतायचं. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा भाऊ खोलीतून धावत बाहेर आला. आपल्या घरी मसाला भाजतात तोच वास! तिला फिश सॉस सहज मिळायचा, कारण १९८० च्या दशकात पूर्व जर्मनीने व्हिएतनाममधून हजारो कामगार आणले आणि त्यातल्या अनेकांनी पुढे तिथेच दुकानं थाटली. येसर मात्र कुठल्या दुकानात मिळणार?

ते फक्त आजीला यायचं आणि तिचं सगळं माप मुठीत नाहीतर चिमटीत. २०२२ च्या उन्हाळ्यात भावाने व्हिडिओ कॉलवरून आईला वजनकाटा आणायला लावला. आजीने हरभऱ्याच्या डाळीची मूठ भरून काट्यावर ओतली. ४५ ग्रॅम. मग तूरडाळ, गहू, लवंगा. “सोनं तोलायलास का रे?” म्हणून आजी हसत राहिली. त्याने सगळं वहीत उतरवून घेतलं.

२०२३ मध्ये आजी गेली. पुढच्या उन्हाळ्यात आईने येसर करायला घेतलं आणि डाळीची मूठ भरून ती तशीच थांबली. तिचा हात आजीपेक्षा लहान. तिने मला फोन केला नाही, ड्रेस्डेनला केला. माप तिकडून आलं.

मी पुण्यात, घरापासून एका रात्रीच्या बसवर. मला येसर डब्यात भरून मिळायचं, त्यामुळे कसं करतात हे विचारायची वेळच आली नाही. त्याच्यावर ती आली, म्हणून आज आमच्या घरची चव ज्या वहीत आहे, ती जर्मनीतल्या एका कपाटात आहे. मी तिचे फोटो मागवून घेतलेत.

या वीकेंडला गावी जाणार असाल तर सोबत एक वजनकाटा न्या. घरचे चेष्टा करतील. करू देत.