देवदारांखालची कबर

बीजिंग

ती. दादा,


पुढच्या महिन्यात तू धरमशालेला चाललास हे कळलं, म्हणून हे लगेच लिहायला घेतलं. तिथं देवदारांच्या दाटीत सेंट जॉनचं जुनं दगडी चर्च आहे आणि त्याच्या आवारात लॉर्ड एल्गिनची कबर. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय असताना १८६३ साली तो तिथं वारला. त्याच्या तीनच वर्षं आधी त्यानं जे जाळायला लावलं, ते मी काल दिवसभर पायाखाली घातलं.

युआनमिंगयुआन. कांगशी सम्राटानं १७०७ मध्ये चौथ्या मुलाला दिलेली बाग. नातू चियानलोंगनं ती कुठल्या कुठे वाढवली. आपल्याला बाग म्हटलं की वाफे आणि हिरवळ आठवते. इथं सगळा खेळ पाण्याचा. तळी खणायची, निघालेल्या मातीच्या टेकड्या रचायच्या, आणि मधूनमधून लाकडी महाल, पूल, देवळं. देशभरचे ग्रंथ जमवून चियानलोंगनं जो अफाट संग्रह हातानं लिहवून घेतला, त्याच्या सात प्रतींपैकी एक इथल्या ग्रंथालयात होती. तीही गेली.

सगळे फोटो काढतात ते संगमरवरी खांबांचे. मीही काढले, आणि मग मन खट्टू झालं. ते खांब कास्तिल्योने या इटालियन जेझुइट चित्रकारानं आखलेल्या युरोपीय धर्तीच्या वाड्यांचे. एवढ्या विस्तारात एका कडेचे. दगड होता म्हणून तो आगीला पुरून उरला. खरी बाग लाकडाची, तिचा मागमूस नाही. मी एका तळ्याकाठी बराच वेळ बसले होते. कमळाची पानं होती, काठाला जोत्याचे काही दगड. बस.

दुसऱ्या अफूयुद्धात, १८६० च्या ऑक्टोबरात, फ्रेंच आणि इंग्रज फौजांनी आधी लूट केली. बोलणी करायला गेलेल्या त्यांच्या माणसांना चिन्यांनी पकडलं होतं. त्यातले कित्येक हालहाल होऊन मेले. तो संताप मला कळतो, दादा. पण त्या मृत्यूंचा सूड म्हणून एल्गिननं १८ तारखेला बागच पेटवायला लावली, आणि सम्राट तर आधीच पळालेला होता! पेटवणाऱ्यांत आपल्या पंजाबी पलटणीचे शिपाई होते. आणि ज्या अफूवरून ही युद्धं ओळखली जातात, त्यातली माळव्याची अफू आपल्याच मुंबई बंदरातून जात असे. हे वाचल्यापासून मला तिथं निव्वळ पाहुणी म्हणून वावरता येईना.

त्या युरोपीय वाड्यांपुढच्या कारंज्यातल्या बारा राशिप्राण्यांची काशाची मुंडकी लुटीत गेली. सात सापडली आहेत. ड्रॅगन, साप, बकरी, कोंबडा आणि कुत्रा अजून बेपत्ता.

कबरीपाशी जाशील ना? दगडावर काय कोरलंय ते शब्दन् शब्द उतरवून मला पाठव. या बागेचं नाव त्यात आहे का, एवढंच मला बघायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी